खेळातल्या जगाचा अर्थ कोणी लावायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



आजचा विषय व्हिडिओ गेम आहे म्हटल्यावर काही जण रेडिओचा आवाज कमी करतील, याची मला कल्पना आहे. पण त्या खेळांनी डोळे बिघडतात का, अभ्यास बुडतो का, मुले एकलकोंडी होतात का, यांवर मी आज बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते या खेळांच्या अर्थाबद्दल. ‘त्यात कसला आलाय अर्थ?’ असे विचारणाऱ्यांनी तर जरूर ऐकावे.

सावेडीला आम्ही राहतो त्या भागात संध्याकाळी कट्ट्यावर कॉलेजची मुले जमतात. जाता-येता त्यांचे बोलणे कानावर पडते. “अरे, पण ते कॅनन नाही.” “वर्ल्डबिल्डिंग बघ ना काय आहे.” “तो राक्षस खरा राक्षस नाहीच, मेटॅफर आहे.” वाद अगदी हमरीतुमरीवर येतो. क्रिकेटवर चालावा तसा. हे तीन शब्द त्यांना इंग्रजीतूनच भेटले आहेत आणि आपण काही नवीनच करतो आहोत अशी त्यांची समजूत आहे. खरे तर या तिन्ही गोष्टींसाठी मराठीत शब्द आहेत, आणि त्या शब्दांमागे सातशे वर्षांची भांडणे आहेत. मूळ संहिता कोणती आणि क्षेपक कोणते, हा झाला कॅननचा प्रश्न. कवीने आपली एक वेगळी सृष्टी उभी केली आहे, असे आपण म्हणतो ते वर्ल्डबिल्डिंग. आणि रूपक तर शाळेच्या पुस्तकापासून आपल्या मागे लागलेले आहे. या मुलांचा आणि आपल्या टीकाकारांचा धंदा एकच आहे. दोघांची अजून ओळख झालेली नाही इतकेच.

विचित्र, स्वप्नासारख्या सृष्टीचा एक नमुना आधी आपल्या घरातलाच घेऊ. ज्ञानेश्वरांच्या नावावर एक कूट रचना सांगितली जाते. कीर्तनात तुम्ही ती ऐकली असेल. तिच्यात काट्याच्या टोकावर तीन गावे आहेत. त्यांतली दोन उजाड, आणि तिसरे मुळात वसलेलेच नाही. आता जे वसलेलेच नाही त्या गावात तीन कुंभार येतात. दोघांना हात नाहीत, तिसऱ्याच्या हातून काही घडत नाही. ज्याच्या हातून घडत नाही तोच तीन मडकी घडवतो. मग मडकी, मडक्यांत मूग, मूग खायला पाहुणे, अशी ती मालिका पुढे चालते.

हे ऐकल्यावर आपण काय करतो? तीनचा आकडा दिसला की निरूपणकार त्रिगुणांकडे, तीन अवस्थांकडे वळतात. गावे म्हणजे अमुक, कुंभार म्हणजे तमुक, मडके म्हणजे देह. एकदा अशी जंत्री लागली की श्रोता सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या अर्थांना मी नावे ठेवत नाही. त्यांना परंपरा आहे. पण जंत्री लावण्याच्या घाईत आपण एक गोष्ट बघायची विसरतो. ती सृष्टी विचित्र असली तरी बेशिस्त नाही. तिला एक कडक नियम आहे. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी निकामी आणि तिसरी तर नाहीच; आणि गोष्ट पुढे सरकते ती दर वेळी त्या ‘नाही’च्याच वाटेने. दोन उजाड गावांकडे कवी पुन्हा वळून पाहत नाही. जे नाही, त्याच्यावरच पुढचा मजला चढतो. मला विचाराल तर त्या रचनेचा अर्थ कुंभारात किंवा मडक्यात शोधण्यापेक्षा या नियमात शोधावा. ‘नाही’ला धरून चालताना ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा जो तोल जातो, तो तोल जाणे हाच त्या रचनेचा अनुभव आहे.

आता खेळाकडे येतो. २००५ साली जपानमध्ये एक खेळ निघाला. इंग्रजीत त्याचे नाव ‘शॅडो ऑफ द कलॉसस’. कलॉसस म्हणजे महाकाय पुतळा. फुमितो उएदा हे त्याचे दिग्दर्शक. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. एक तरुण घोड्यावरून एका मृत मुलीचे कलेवर घेऊन निषिद्ध प्रदेशात येतो. तिथे एका अवाढव्य मंदिरात तिला वेदीवर ठेवतो. छतातून आवाज येतो. बाईचा आणि पुरुषाचा आवाज एकात मिसळलेला. डॉर्मिन हे त्या शक्तीचे नाव. या प्रदेशात सोळा महाकाय आहेत, ते सगळे मारलेस तर ही मुलगी परत येऊ शकेल, पण त्याची किंमत जबर असेल, असे तो आवाज सांगतो. तरुण म्हणतो, चालेल. एवढ्यावर खेळ सुरू होतो.

त्या प्रदेशात गाव नाही, माणूस नाही, किरकोळ शत्रूदेखील नाहीत. नुसते माळ, कडे, तळी, पडके पूल आणि वारा. तलवार उन्हात धरली की तिच्या पात्यावरचा प्रकाश एका दिशेला गोळा होतो, तिकडे जायचे. मग तो महाकाय दिसतो. अर्धा दगडी बांधकामाचा, अर्धा केसाळ जनावराचा, आपल्या नगरच्या वेशीएवढा. त्याच्या अंगावर चढायचे, केस घट्ट धरून लोंबकळायचे आणि मर्मस्थानी तलवार खुपसायची. खरी गंमत अशी, की त्यांतले काही महाकाय आपल्या वाटेला जातच नाहीत. एक आकाशात संथ फिरत असतो. आपण बाण मारेपर्यंत त्याला आपली दखलही नसते. तरी त्याला मारावेच लागते. आणि तो पडतो तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकाचे सूर लागतात. त्याच्या देहातून काळे धागे निघतात आणि त्या तरुणाच्या अंगात शिरतात. दर वधागणिक त्याचा चेहरा काळवंडत जातो. खेळ त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पाहणाऱ्याने पाहायचे.

याचा अर्थ काय, यावर वीस वर्षे वाद चालू आहे. कोणी म्हणतात, मरण न स्वीकारणाऱ्या शोकाचे हे रूपक आहे. कोणी म्हणतात, मनुष्याने निसर्गाचा केलेला संहार. दोन्ही अर्थ लागू पडतात. पण पुस्तकातले रूपक आणि खेळातले रूपक यांत एक मोठा फरक आहे, तो या वादात बऱ्याचदा सुटतो. पुस्तकात नायक पाप करतो आणि मी वाचतो. इथे बोट माझे असते. महाकायाच्या केसांना धरून राहायचे तर हातातल्या यंत्राचे बटण दाबून धरावे लागते. तो अंग झटकतो, तरुणाचे बळ सरत येते, आणि आपले खरे बोट दुखू लागते तरी आपण सोडत नाही. सोडता येत नाही असे नव्हे. यंत्र बंद करून उठता येते. पण कोणी उठत नाही, कारण खेळाने सांगितले आहे की मार. ‘हा महाकाय म्हणजे काय?’ या प्रश्नापेक्षा ‘मी त्याला का मारले?’ हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. त्याचे उत्तर कुठल्या जंत्रीत मिळत नाही.

नियमात अर्थ दडलेला असतो, हे म्हणणे तुम्हाला नवीन वाटले तर आपली सापशिडी आठवा. तिचे जुने रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानदेवांच्या नावाशी जोडते; आज पाहायला मिळणारे जुने पट मात्र अठराव्या शतकापासूनचे आहेत. त्यांच्या घराघरांत नावे लिहिलेली असतात. शिडीच्या तळाशी दया, भक्ती, दान असे गुण, आणि सापाच्या तोंडी काम, क्रोध, लोभ, अहंकार. सर्वांत वर वैकुंठ. कवड्या टाकायच्या आणि पडेल ते दान घ्यायचे. हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला. तिथे आधी त्यांच्या पद्धतीचे सद्गुण-दुर्गुण त्यावर आले, पुढे तेही गळाले आणि नुसते आकडे उरले. आपल्या मुलांच्या हाती आले ते हेच आकडे. म्हणजे रूपकाची सगळी पाटी कोरी झाली.

पण तरी पहा. नव्वदीच्या वर पोहोचलेला मुलगा मोठ्या सापाच्या तोंडी सापडून पहिल्या ओळीत येतो, तेव्हा त्याचा जो चेहरा होतो तो पाहिला आहे ना? शेवटाला टेकलेला माणूस सर्वांत खोल पडू शकतो, आणि फासे आपल्या हातात असले तरी दान आपल्या हातात नसते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अहंकाराचे नाव पुसले गेले तरी सापाची लांबी राहिली आणि तिच्याबरोबर थोडा अर्थही राहिला. पट मांडणारा जो कोणी असेल, त्याने अर्थ नुसता घरांच्या नावांत ठेवला नव्हता.

आता माझी खरी तक्रार सांगतो. ती खेळांविषयी नाही, आपल्या शिकवण्याविषयी आहे. ‘कवीला येथे काय म्हणायचे आहे?’ हा प्रश्न दोन गुणांना विचारून आपण पिढ्यान् पिढ्यांना एक सवय लावली. प्रतिमा दिसली की तिचा उलगडा करून टाकायचा. घडा म्हणजे देह, पक्षी म्हणजे आत्मा, दिवा म्हणजे ज्ञान. गाईडमध्ये उत्तर तयार, ते चार ओळींत लिहायचे आणि पुढच्या प्रश्नाला लागायचे. उलगडा झाला की प्रतिमा संपली, चोखून टाकलेल्या आंब्याच्या कोयीसारखी. हीच सवय मुलांनी खेळात नेली आहे. खेळ संपायच्या आत, कधी कधी सुरू व्हायच्याही आत, ‘शेवटाचा अर्थ’ समजावून सांगणारी चित्रफीत पाहिली जाते. पंधरा मिनिटांत सगळे कळते. गोंधळून जाण्याची वेळच येत नाही. मला हे नुकसान अभ्यास बुडण्यापेक्षा मोठे वाटते. अभ्यास पुढच्या सहामाहीला भरून काढता येतो. एखाद्या अनोळखी जगात वाट चुकून हिंडण्याची पहिली संधी मात्र एकदाच मिळते.

याला उतारा खेळ करणाऱ्यांकडेच आहे. हिदेताका मियाझाकी हे ‘डार्क सोल्स’ या २०११ सालच्या गाजलेल्या खेळाचे दिग्दर्शक. लहानपणी घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे ग्रंथालयातून पुस्तके आणायची. त्यांत इंग्रजी अद्भुतकथा असत. भाषा पुरती कळत नसे. मग जो भाग कळला नाही तो चित्रे पाहून मनाने भरून काढायचा, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. पुढे त्यांनी खेळ केला तो असाच, जागोजाग तुटलेला. त्याची कथा कोणी सलग सांगत नाही. एखादी अंगठी, एखादे चिलखत सापडते, त्यावर दोन-तीन वाक्ये लिहिलेली असतात, आणि खेळणाऱ्याने ती जोडत बसायचे. आपल्याकडे अर्थ कळण्याच्या किती तरी आधी हरिपाठ पाठ होतो. अर्धवट कळलेल्या शब्दांभोवती मूल स्वतःचे काहीबाही रचत असते. त्या ‘काहीबाही’ला आपण शिक्षणात जागा दिली नाही. जपानमधल्या एका मुलाने त्याच्यावर खेळ उभा केला.

आता कॅनन, म्हणजे प्रमाण पाठ. हा विषय आपल्या जिल्ह्याच्या अगदी जवळचा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, प्रवरेकाठच्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. सावेडीतून निघालो की संभाजीनगरच्या रस्त्याने दीड-दोन तासांत पोहोचतो. ग्रंथाला ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव ज्ञानेश्वरांनी ठेवलेले नाही, ते लोकांनी ठेवले. नकला होत गेल्या. नकलाकार कधी चुकले, कधी अवघड शब्द सोपा करून गेले, कधी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी घालून गेले. सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. शेवटी त्यांनी एक सक्त सूचनाही लिहून ठेवली आहे. या ग्रंथात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे, अशा आशयाची. म्हणजे दार बंद केले आणि कुलूपही लावले.

तरी वाद मिटला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपली प्रत एकनाथांच्याही आधीची आहे असे म्हणत ज्ञानेश्वरी छापली, आणि कोणता पाठ जुना, कोणता अस्सल, यावर विद्वानांची पुन्हा जुंपली. कुलूप लावल्याने प्रश्न सुटत नाहीत, त्यांना फक्त तारीख मिळते. आणि नाथांचीच गंमत बघा. ज्ञानेश्वरीला इतकी कडक राखण घालणाऱ्या नाथांनी भारुडात मात्र विंचवापासून जोशापर्यंत ज्याला-त्याला बोलायला लावले. त्यांचे स्वतःचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, तेव्हा ते पुढे त्यांच्या शिष्याने, गावबाने, पूर्ण केले असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या ताटात करवंटी नको म्हणणाऱ्या माणसाचे ताट शेवटी दुसऱ्याने वाढले. यात मला विसंगती दिसत नाही. कोणत्या ग्रंथाची चौकट आवळायची आणि कोणती मोकळी सोडायची, हे त्यांना कळत होते.

महाकायांच्या खेळाच्या बाबतीत जे झाले ते या पार्श्वभूमीवर ऐका. खेळात त्या सोळा महाकायांना नावे नाहीत. खेळणाऱ्यांमध्ये लॅटिन धाटणीची नावे रूढ झाली आणि आता ती नावे खेळातलीच आहेत असे पुष्कळांना वाटते. डॉर्मिन हा शब्द रोमन लिपीत उलटा वाचला की निमरॉड होतो. निमरॉड हा बायबलातला शिकारी राजा, त्याचा संबंध बाबेलच्या मनोऱ्याशी जोडतात, आणि खेळातले मंदिर तर मनोऱ्यासारखेच उंच. लगेच त्यावर टीका सुरू. खेळाच्या शेवटी तो तरुण शिंगे असलेले तान्हे बाळ होतो. उएदांच्या २००१ सालच्या ‘इको’ या खेळाचा नायक शिंगे असलेला मुलगा. म्हणजे हा त्याचा पूर्वज? दुवा उघड दिसतो, पण मधली गोष्ट दोन्ही खेळांत नाही. एखादा आपला संतचरित्रकार असता तर त्याने मधले चार अध्याय केव्हाच लिहून टाकले असते.

या सगळ्यावर कडी म्हणजे शेवटच्या गुपिताचा शोध. एवढा मोठा प्रदेश आणि त्यात फक्त सोळाच महाकाय? नक्कीच कुठे तरी आणखी काही दडवले आहे, असे खेळणाऱ्यांच्या एका गटाने घेतले. सावेडीतला भिस्तबाग महाल पाहणाऱ्यांना हे कळेल. जुनी वास्तू दिसली की तिच्याखालून भुयार असते आणि ते थेट किल्ल्यात निघते, ही समजूत महाराष्ट्रात गावोगावी आहे, आणि नगरला तर जुन्या वास्तूंची ददात नाही. भुयार कोणी पाहिलेले नसते, पण त्यावर शंका घेणाऱ्याला मुले गटातून काढून टाकतात. तसेच इथे झाले. वर्षानुवर्षे लोक त्या आभासी प्रदेशातला प्रत्येक कडा चढले, प्रत्येक दगड तपासला, ७९ पायऱ्यांची एक उपपत्तीही रचली. सापडले काहीच नाही. मग २०१८ साली ब्लूपॉइंट या कंपनीने खेळ नव्याने घडवला तेव्हा तिने त्या प्रदेशात ७९ चकचकीत नाणी लपवली. ती सगळी गोळा केली की एक तलवार मिळते. जे गुपित कधीच नव्हते ते शोधणाऱ्यांच्या हट्टापोटी निर्माण झाले.

इथे नाथ असते तर काय म्हणाले असते? करवंटीच ठेवली, असेच. मीही अंमळ तिकडेच झुकतो. ती नाणी म्हणजे शोधणाऱ्यांचा सन्मान आहे हे खरे. पण त्या रिकाम्या प्रदेशाची खरी ताकद त्याच्या रिकामेपणात होती. काहीच नाही तिथे काही तरी असेल म्हणून हिंडणारा खेळणारा आणि मेलेली मुलगी परत येईल म्हणून हिंडणारा तो तरुण, हे दोघे एकाच वेडाचे बळी होते. कोणी न ठरवता हे रूपक तयार झाले होते. नाणी ठेवली आणि ते पुसले गेले. आता शोधणाऱ्याला सापडते. काट्याच्या टोकावरच्या त्या तिसऱ्या गावात कोणी तरी घरकुले बांधून दिली.

आपल्याकडच्या खेळांपुढे मात्र याहून वेगळा पेच आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या चमूने २०२० साली ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ आणला. तीन वर्षे आधी लोकांकडून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी तो तडीस नेला. राजी ही सर्कशीत काम करणारी अनाथ मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे शार्ङ्ग धनुष्य मिळते, आणि ती महाबलासुराच्या मागे निघते. गोष्ट सांगतात ती दुर्गा आणि विष्णू. वरून पाहत, आपसात बोलत. मधली कथानके छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखवली आहेत. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले.

पेच असा. पाश्चात्त्य खेळात ग्रीक देवांचे काहीही केले तरी चालते. ‘गॉड ऑफ वॉर’ मालिकेच्या २०१० सालच्या तिसऱ्या भागात खेळणारा साक्षात झ्यूसला ठार मारतो. झ्यूसच्या आरतीला आज कोणी उभे नसते. आपल्याकडे दुर्गा देव्हाऱ्यात आहे, नवरात्रात तिचा घट बसतो. त्यामुळे तिच्याभोवती जग रचणाऱ्याचा हात जरा थरथरणारच. तो ‘राजी’तही थरथरलेला दिसतो. भिंतीवरच्या चित्रांपुढे थांबवून पुराणातल्या कथा सांगितल्या जातात, तेव्हा खेळ थोडा प्रदर्शनात हिंडवणाऱ्या वाटाड्यासारखा होतो. सगळे बरोबर, पण अंगावर काटा नाही. तो येतो ती सर्कशीची पोर, तिच्या कसरती आणि बाहुल्या पुढे असतात तेव्हा. कारण तिथे कोणतेही पुराण आड येत नाही. आणि देवांना नुसते कथेकरी करून ठेवण्याची युक्ती मला फार आवडली. मंदिराच्या मूर्तीला हात न लावता देवळाच्या ओवरीत खेळ मांडला.

तसे पाहिले तर आपल्या पुराणकथांना एकच प्रमाण पाठ कधी नव्हताच. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळत आला. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत सुटी चित्रे एकामागून एक पुढे करत कथेकरी गातो, सांगतो. रामायण-महाभारत तेच, पण सांगण्यात गावाची भर पडते. त्याला कोणी क्षेपक म्हणत नाही, कारण ज्ञानेश्वरीसारखे कुलूप तिथे कोणी लावलेले नाही. पुण्याच्या त्या चमूसारखे आणखी कोणी जग रचायला बसेल तेव्हा त्याने पोथीपेक्षा पिंगुळीकडे अधिक पाहावे असे मला वाटते.

आता पालकांसाठी दोन शब्द. तुमच्या घरातली मुले असले काही खेळत असतील तर ‘किती वेळ?’ हा प्रश्न विचारायचा तेव्हा विचाराच. पण एखाद्या दिवशी शेजारी बसून ‘या जगात काय करता येत नाही?’ असे विचारून पहा. मुले काय करता येते ते भराभर सांगतात. करता काय येत नाही, यावर मात्र थबकतात. महाकायांच्या त्या खेळात बोलायला माणूस भेटत नाही, एकाही महाकायाला सोडून पुढे जाता येत नाही, आणि केलेले परत फिरवता येत नाही. यावर बोलणे सुरू झाले की मग शोक, हट्ट, आज्ञापालन असले मोठे शब्द आपणहून येतात. ते आपण आधी उच्चारायचे नाहीत. पंधरा मिनिटांची चित्रफीत नंतर हवी तर बघू द्यावी. टीका वाचायला बंदी नाही, मूळ आधी वाचलेले असावे एवढेच.

एक जागा सांगतो आणि थांबतो. त्या खेळातल्या मंदिराच्या अगदी माथ्यावर एक बाग आहे. तिथे पोहोचणे फार कठीण, भिंतीला धरून धरून चढावे लागते आणि बळ पुरत नाही. जे पोहोचतात त्यांना तिथे फळ मिळते. एरवी अशा खेळांत फळ खाल्ले की शक्ती वाढते. या बागेतले फळ खाल्ले की घटते. का, ते खेळात कुठेही लिहिलेले नाही. आणि शेवटी सोळाही महाकाय पडल्यावर, तो तरुण उरलेला नसताना, ती मुलगी खरोखरच उठून बसते. लंगडत आलेला घोडा तिच्याबरोबर असतो, कडेवर ते शिंगांचे बाळ. ती चढत चढत त्याच बागेत येऊन पोहोचते. झाडे आहेत, एक हरिण आहे. ती ते फळ खाते की नाही, हे खेळ दाखवत नाही.